आधी भाकीत, मग माणूस: मुआदिबची गोष्ट

मे महिन्यात धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. रात्रीचे साडेदहा वाजले तरी भिंती तापलेल्याच. गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या, तेव्हा बारावीची परीक्षा दिलेला भाचा मोबाइल घेऊन शेजारी येऊन बसला. 'ड्यून'चे दोन्ही नवे चित्रपट, २०२१ चा आणि २०२४ चा, त्याने लागोपाठ पाहिले होते. डोक्यात त्यांच्या नायकाबद्दल, पॉल म्हणजेच मुआदिबबद्दल, एकच प्रश्न होता. "मामा, तो पॉल खरंच देवाचा माणूस होता, की सगळ्यांना फसवत होता?"

मी म्हटलं, दोन्ही नाही, आणि थोडं थोडं दोन्हीही. मग गोष्ट सुरू झाली ती पार पहाटेच्या गार वाऱ्यापर्यंत चालली. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतो आहे. शेवटासकट सांगणार आहे, म्हणून ज्यांना पुस्तकं स्वतः वाचायची आहेत त्यांनी आधी ती वाचावीत.

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची 'ड्यून' ही मूळ कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपात आली. वीसेक प्रकाशकांनी परत पाठवलेलं हस्तलिखित शेवटी मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेने छापलं. विषय सुचला तो वाळूवरून. १९५७ साली ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सरकत्या वाळूला गवत लावून थोपवायचं सरकारी काम चाललं होतं, ते पाहायला हर्बर्ट गेला होता. वाळवंट, त्यात राहणारी माणसं आणि त्यांना मिळणारा तारणहार, हे सगळं त्या वाळूतून वाढत गेलं.

आता त्या जगाची ओळख. काळ फार पुढचा आहे, त्यांच्या कालगणनेत १०१९१ साल. माणूस अनेक ग्रहांवर पसरला आहे, पण राज्यकारभार जुनाच: वर सम्राट, खाली सरदार घराणी. अराकिस नावाचा एक ग्रह आहे, सगळा वाळवंट. तिथे मेलांज नावाचा मसाला मिळतो आणि तो दुसरीकडे कुठेच मिळत नाही. त्याने आयुष्य वाढतं, जाणीव तीक्ष्ण होते, आणि ताऱ्याताऱ्यांमधून जहाजं नेणाऱ्यांना त्याच्याशिवाय वाट दिसत नाही. म्हणजे वाहतूक, सत्ता, पैसा, सगळं त्या एका ग्रहावर अडकलेलं. ज्याच्या हातात अराकिस, त्याच्या हातात सगळ्यांच्या नाड्या.

या ग्रहाचे मूळ रहिवासी म्हणजे फ्रेमेन. त्यांना समजून घेतल्याशिवाय मुआदिब समजत नाही, आणि फ्रेमेन समजून घ्यायला खानदेशी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

आमची आजी पारोळा तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती मुलांना घमेल्यात उभं करून आंघोळ घालायची. घमेल्यात जमलेलं पाणी तसंच ठेवायची. गाळ खाली बसला की वरचं पाणी म्हशीपुढे जायचं आणि खालचा गाळ तुळशीत. भांडी राखेने घासून नुसती पुसून घ्यायची. पुढे घरात नळ आला, तरी तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतताना तिचा हात थबकायचा. पाहुणा अर्धा पेला ठेवून उठला, तर तोंडाने काही म्हणायची नाही, पण त्या पेल्याकडे बघत राहायची.

फ्रेमेन म्हणजे हा थबकलेला हात, अख्ख्या समाजाचा. अंगात असा पोशाख की घाम, श्वासातली वाफ, सगळं गाळून पुन्हा प्यायला मिळावं. त्यांच्यात कोणी समोर थुंकलं तर तो मान असतो, कारण त्याने स्वतःच्या अंगातलं पाणी तुम्हाला दिलं. माणूस मेला की त्याच्या देहातलं पाणी काढून टोळीच्या साठ्यात जमा होतं. देह त्याचा, पाणी टोळीचं. त्या पाण्याचा हिशोब ठेवायला जलाधिकारी असतो. पांझराकाठच्या फड बागायतीत, म्हणजे गावाची शेतं मोठ्या पट्ट्यांत वाटून पाणी देण्याच्या जुन्या पद्धतीत, पाटकरी असायचा, त्याची आठवण होते. पाणी सोडणार तो पाटकरी, कुणी परस्पर पाट फोडायचा नाही, चारही फडांना ठरलेल्या पाळीने पाणी जाणार. अशी शिस्त एका दिवसात येत नाही. पिढ्यान् पिढ्या पाणी कमी पडावं लागतं.

अशा लोकांच्या मनात एक स्वप्न असतं. एक दिवस इथे हिरवळ येईल, उघड्यावर पाणी वाहील. फ्रेमेन पिढ्यान् पिढ्या लपवलेल्या टाक्यांत पाणी साठवत होते ते या स्वप्नासाठीच. घशाला कोरड असताना त्या पाण्याला कोणी हात लावत नव्हतं. हे स्वप्न लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता मुख्य मुद्दा.

फ्रेमेन लोकांत एक भाकीत होतं: बाहेरून एक स्त्री येईल, ती दिव्य शक्तीची असेल, तिचा मुलगा आपल्याला मुक्ती देईल. त्याला ते लिसान अल-गैब म्हणत, महदी म्हणत. वाचणाऱ्याला वाटतं, ही त्यांची जुनी लोकश्रद्धा असेल. तशी ती नव्हती, निदान सगळी नव्हती. बेने गेसेरिट नावाचा स्त्रियांचा एक पंथ होता, मनावर आणि देहावर विलक्षण ताबा असलेल्या स्त्रियांचा. त्यांची एक शाखा मागासलेल्या ग्रहांवर जाऊन मुद्दाम अशा दंतकथा पेरून येत असे. उद्देश साधा होता. उद्या आपली एखादी बहीण तिथे संकटात सापडली, तर त्या दंतकथेतले ठरलेले शब्द बोलून तिला जीव वाचवता यावा. आज कोणीतरी भिंतीत खुंटी ठोकून ठेवायची आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याने येऊन तिच्यावर अंगरखा टांगायचा, तसा हा प्रकार.

ही खुंटी कशी उपयोगी पडते, त्याचा एक प्रसंग पुस्तकात फार बारकाईने लिहिला आहे. पॉलची आई जेसिका याच पंथातली. अराकिसवर नुकतीच आलेली असताना मेप्स नावाची फ्रेमेन बाई घरकामाला म्हणून येते. तिने अंगात सुरा लपवला आहे, महाकाय वाळूकिड्याच्या दाताचा. ती तो बाहेर काढते आणि विचारते, याचा अर्थ माहीत आहे का? जेसिकाला उत्तर नक्की माहीत नाही, पण चुकलो तर हाच सुरा आपल्या अंगात शिरेल, हे तिने ओळखलं आहे. ती अंदाजाने एक वाक्य सुरू करते, हा मृत्यूचा 'मेकर' आहे, म्हणजे मृत्यू घडवणारा, असं काहीतरी म्हणायला. वाक्य पुरं होतच नाही. 'मेकर' हा शब्द कानी पडताच मेप्स हंबरडा फोडते, कारण फ्रेमेन लोकांत 'मेकर' हे त्या वाळूकिड्याचंच नाव आहे. अर्ध्या वाक्यावर भाकीत खरं ठरलं. उरलेलं अर्धं ऐकणारीने स्वतःच्या विश्वासातून पुरं करून घेतलं.

भाच्याला मी सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रसंगात आहे. मेप्स मूर्ख नाही आणि जेसिकाही लबाड नाही. एक जीव वाचवते आहे, दुसरी आयुष्यभर वाट पाहत थांबलेली आहे.

आता पॉल. सरदार लेटो अट्रायडीजचा मुलगा, कॅलडन नावाच्या पाण्याने भरलेल्या ग्रहावर वाढलेला. बेने गेसेरिटचं आणखी एक काम पिढ्यान् पिढ्या चालू होतं, सोयरिकी जुळवून जुळवून एक असा पुरुष जन्माला घालायचा, ज्याला भूतभविष्य दिसेल. जेसिकाला हुकूम होता की मुलगी जन्माला घाल. मुलगा दिला तर नवऱ्यासारख्या असलेल्या लेटोला आनंद होईल, म्हणून तिने मुलगा दिला. म्हणजे ज्याची वाट पाहिली जात होती तो एक पिढी आधीच आला, आणि आला तो प्रेमापोटी. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत माणसासारखा क्षण वाटतो.

पंधराव्या वर्षी पॉल आईवडिलांबरोबर अराकिसला येतो. सम्राट आणि हार्कोनेन हे वैरी घराणं मिळून दगा करतात, वडील मरतात, आई आणि मुलगा वाळवंटात पळतात. फ्रेमेन टोळी त्यांना घेरते. तिथे जामिस नावाचा एक तापट माणूस पॉलला द्वंद्वाला बोलावतो आणि पॉलला त्याला मारावं लागतं. आयुष्यातला पहिला खून. अंत्यविधीला पॉलच्या डोळ्यांतून पाणी येतं. सगळी टोळी स्तब्ध होते, कारण मेलेल्यासाठी अंगातलं पाणी सांडणारा माणूस त्यांनी पाहिलेलाच नव्हता. जामिसच्या देहातून निघालेलं ३३ लिटर पाणी रीतीप्रमाणे पॉलच्या नावावर जमा होतं. त्याच रात्री तो स्वतःसाठी नाव निवडतो ते वाळवंटातल्या छोट्या उड्या मारणाऱ्या उंदराचं, मुआदिब. देवाचं नाही, राजाचंही नाही. लहानशा, काटक, स्वतःचं पाणी स्वतः निर्माण करणाऱ्या जीवाचं.

पुढचं चित्रपटात आहेच: वाळूकिड्यावर स्वार होणं, चानी या फ्रेमेन मुलीवरचं प्रेम, विषारी 'जीवनजल' पिऊन कित्येक दिवस मेल्यासारखं पडून राहणं आणि उठल्यावर सगळं दिसू लागणं, मग अराकीन या राजधानीची लढाई, सम्राटाची शरणागती, गादी. हे मी भराभर सांगितलं, कारण विजय समजावून सांगावा लागत नाही.

समजावून सांगावी लागते ती त्याला दिसणाऱ्या भविष्याची गोष्ट. पॉलला भविष्य दिसतं ते एका ओळीत लिहिल्यासारखं नाही. गिरणेला पूर आल्यावर पात्रात दहा फाटे फुटतात, कोणता भरेल आणि कोणता आटेल हे काठावरून थोडंफार दिसतं, तसं. आणि जवळपास प्रत्येक फाट्याच्या पुढे त्याला एकच दृश्य दिसतं: त्याच्या घराण्याचं निशाण घेऊन फ्रेमेन फौजा ग्रहामागून ग्रह जाळत चालल्या आहेत आणि ओठांवर त्याचं नाव आहे. त्याला हे नको आहे. टोळीत शिरल्यावर लवकरच त्याच्या लक्षात येतं की हे थांबवायचं तर इथे असलेले सगळे, तो स्वतः आणि आईसुद्धा, आत्ता या क्षणी मरायला हवेत. एकटा तो मेला तरी उपयोग नाही. हुतात्मा झाला म्हणून लोक आणखी पेटतील.

चित्रपटात हे फार नेमकं दाखवलं आहे. तो म्हणतो, मी तो नाही. त्यावर स्टिलगर, टोळीचा प्रमुख, म्हणतो, बघा, किती नम्र आहे, म्हणजे हाच तो. भाकीत असं असतं तेव्हा 'नाही' म्हणायलाही जागा उरत नाही. होकार दिला तर पुरावा, नकार दिला तर मोठा पुरावा.

मग तो देवाचा माणूस होता की फसवणारा? शक्ती खरी होती, त्याला दिसत होतं ते खरंच दिसत होतं. पण ज्या पाटावर लोकांनी त्याला बसवलं तो पाट दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या सोयीसाठी मांडून ठेवला होता, हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो बसला. जीव वाचवायला बसला, वडिलांचा सूड घ्यायला बसला, त्या लोकांवर खरोखर जीव जडला होता म्हणूनही बसला. बसल्यावर मात्र उठता आलं नाही.

हे सांगताना मला आपल्याच सातपुड्यातले गुला महाराज आठवले. १९३८ च्या सुमारास, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमू लागले. ते सांगत काय होते? दारू सोडा, रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा, भांडू नका. त्याच वर्षी त्यांनी देह ठेवला आणि त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. इंग्रज सरकारला त्या गर्दीची धास्ती वाटली. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात आपश्री गुला महाराजांना मानणारी घरं आहेत. खऱ्या माणसाला काल्पनिक पात्राशेजारी बसवताना जपून बोलावं लागतं, पण एक फरक मला स्पष्ट दिसतो. मोरवडला आलेला माणूस घरी परतला तो स्वतः करायची एक गोष्ट घेऊन: आजपासून मी पिणार नाही. मुआदिबकडे आलेला फ्रेमेन परतला नाहीच, तो फौजेत गेला. माणसं जमण्याचं कारण दोन्हीकडे जवळपास सारखं होतं, पिढ्यान् पिढ्यांचं दैन्य. जमलेल्यांना काय सांगितलं गेलं, ते वेगळं होतं.

हर्बर्टचं दुसरं पुस्तक आलं १९६९ साली. पहिलं वाचून लोक पॉलला नायकच समजत होते. ज्याच्यामागे माणसं डोळे मिटून जातात अशा पुढाऱ्यापासून सावध राहा, हे सांगायला आपण हे सगळं लिहिलं, असं तो पुढे उघडपणे म्हणाला. दुसऱ्या पुस्तकात गादीवर बसून बारा वर्षं झाली आहेत. पॉल स्वतःच हिशोब सांगतो: त्याच्या नावाने झालेल्या युद्धात ६१०० कोटी माणसं मेली, ९० ग्रह निर्जीव झाले. आज आपल्या पृथ्वीवर सगळी मिळून ८०० कोटींच्या आसपास माणसं आहेत. तो हे सांगतो ते थकलेल्या आवाजात. पुढे एका हल्ल्यात त्याचे डोळे जातात, पण भविष्यदृष्टीने त्याला समोरचं दिसत राहतं, आणि लोकांना तोही चमत्कारच वाटतो. चानी जुळ्या मुलांना जन्म देऊन मरते. त्या क्षणी त्याची ती भविष्यदृष्टीही जाते. फ्रेमेन लोकांत आंधळ्या माणसाने वाळवंटात निघून जायचं अशी रीत होती. सम्राट असलेला मुआदिब ती रीत पाळतो आणि एकटा चालत वाळूत जातो.

इथे बहुतेक दंतकथा संपल्या असत्या. या कथेत वारसा इथून सुरू होतो.

त्याचं चरित्र लिहिलं कोणी? राजकन्या इरुलानने. सम्राटाची मुलगी, गादीसाठी केलेली नावापुरती बायको, जिला पॉलने कधी जवळ केलं नाही. पहिल्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तिच्या ग्रंथांतले उतारे येतात: मुलांसाठी मुआदिबचा इतिहास, मुआदिबची वचनं. आपण पॉलचं आयुष्य वाचत असतो आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्याच आयुष्याची पोथी होत जाताना दिसते. पोथीत तो शांत, अथांग, सगळं जाणणारा. खाली प्रकरणात तोच मुलगा भ्यालेला, रडवेला, पाण्याचा हिशोब करणारा. ही मांडणी मला हर्बर्टचं सर्वांत मोठं कसब वाटते.

पॉलची बहीण आलिया राज्य सांभाळते, आणि मुआदिबच्या नावाचा पंथ फोफावतो. पुजारी, यात्रेकरू, कर, शिक्षा. आणि एके दिवशी राजधानीत वाळवंटातून एक आंधळा उपदेशक येतो, हाताला धरून चालवणारा एक मुलगा बरोबर. तो देवळासमोर उभा राहून मुआदिबच्या पंथाविरुद्ध बोलू लागतो: तुम्ही हे काय करून ठेवलं आहे? लोक कुजबुजतात, हा तोच तर नाही? तो तोच असतो. पुजारी त्याला देवळाच्या पायऱ्यांपाशी भोसकून मारतात. ज्याच्या नावाने देऊळ चाललं होतं, त्याचाच जीव त्या नावाची राखण करणाऱ्यांनी घेतला. गच्चीवर मी हे सांगितलं तेव्हा भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

पॉलचा मुलगा, दुसरा लेटो, आणखी पुढे जातो. वाळूकिड्याची पिल्लं अंगाला चिकटवून घेत तो हळूहळू स्वतःच किडा होत जातो आणि साडेतीन हजार वर्षं राज्य करतो. बापाला जी वाट दिसली होती पण जिच्यावरून जाण्याचं धैर्य झालं नाही, ती मुलाने पत्करली: लोकांना इतकं दाबायचं की पुन्हा कधी कोणी एकाच माणसाच्या हाती सगळं देणार नाही. हे बरोबर की चूक, यावर वाचक आजही तावातावाने भांडतात. मला ते पटत नाही. साडेतीन हजार वर्षांच्या जुलमाने लोक शहाणे होतात, हे मानायला माझं मन तयार होत नाही.

चार वाजायला आले होते. खाली बहीण पाणी भरायला उठली, नळ सोडल्याचा आवाज आला. भाच्याने विचारलं, "मामा, मंग त्या लोकस्ले पानी भेटनं का?"

भेटलं. मुआदिबने शब्द दिला होता आणि तो पाळला गेला. अराकिसवर झाडं आली, ढग आले, पाऊस आला. पाणी वाळूकिड्याला विषासारखं, म्हणून किडे मरत गेले, आणि मसाला तयार व्हायचा तो किड्यांमुळेच, म्हणून किडे गेले तसा मसालाही गेला. मुलाच्या राज्यात शेवटी शेवटी त्या ग्रहावर नदी वाहते आहे, आणि वाळवंट उरलं आहे ते राखून ठेवलेल्या एका तुकड्यापुरतं. फ्रेमेन आहेत. त्यांना म्युझियम फ्रेमेन म्हणतात. ते जुने विधी पाठ म्हणून दाखवतात, जुना पोशाख घालतात. त्या पोशाखाने अंगातलं पाणी वाचत नाही, आणि कुणाला ते वाचवायची गरजही उरलेली नाही.